किनाऱ्यावर निळं बटण सापडलं तर? पोर्पिटा ओळखायचं आणि वर्गीकरणात बसवायचं, पायरी पायरीने

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जुहूला संध्याकाळी भरती ओसरत होती आणि भाची ओंजळीत काहीतरी घेऊन पळत आली, "मामा बघ, निळं फूल!" मी लांबूनच ओरडलो, टाक ते, ब्लू बॉटल आहे, म्हणजे तो फुग्यासारखा, जोरात डंख मारणारा समुद्री प्राणी. तिने घाबरून टाकलं, आणि मी जवळ जाऊन बघतो तर बाटली नाही, फुगा नाही, लांब दोरा नाही. शर्टाच्या बटणाएवढी पांढुरकी चकती आणि तिच्याभोवती निळी झालर, बस. भाचीला काही झालं नाही, तळहाताला जराशी खाज आली तेवढीच, पण माझी मात्र पंचाईत झाली कारण तिने लगेच विचारलं की मग हे आहे काय.

ते होतं पोर्पिटा पोर्पिटा, इंग्रजीत ब्लू बटन. निळं आणि मऊ दिसलं की ब्लू बॉटल म्हणायचं ही चूक मी एकटा करत नाही, पावसाळ्यात फिरणारे निम्मे व्हॉट्सॅप फॉरवर्ड हीच चूक करतात. म्हणून हे लिहितोय, सापडलेली गोष्ट नक्की काय ते स्वतःच्या डोळ्यांनी कसं ठरवायचं, आणि दहावीत पाठ केलेली ती सृष्टी-संघ-वर्गाची शिडी इथे खरोखर कशी वापरायची.

आधी वेळ साधा

पोर्पिटा समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगतं, स्वतः पोहत कुठे जात नाही, वारा आणि प्रवाह नेईल तिकडे जातं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे सरळ किनाऱ्याकडे, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये ही सगळी तरंगती मंडळी वाळूवर येऊन पडतात, कधी एकदोन तर कधी लांबच लांब निळी रांग. खडकाळ किनाऱ्यावर पण येतात पण तिथे भेगांमध्ये अडकून फाटलेली मिळतात, त्यामुळे शिकायला वाळूचा किनाराच बरा.

भरतीची वेळ मोबाईलवर मिळतेच, पण जुना हिशोबही छान चालतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. पाच-दहा मिनिटांचा नेमकेपणा त्यात नाही, अंदाजाला पुरतं. भरती होऊन तास-दीड तास झाला की जायचं, पाणी मागे सरकत असताना. शोधायचं कुठे तर भरतीच्या रेघेवर, म्हणजे पाणी जिथपर्यंत येऊन गेलं तिथे काटक्या, थर्माकोल, चपला, बाटल्यांची झाकणं यांची जी ओळ पडते ना तिथे. पाण्यात उतरायची अजिबात गरज नाही आणि पावसाळ्यात तर उतरूच नका, उधाणाच्या दिवसांत त्या रेघेवर उभं राहतानाही एक डोळा लाटेवर ठेवा.

ताजा नमुना हवा असेल तर रेघेच्या खालच्या बाजूला, ओल्या वाळूत बघायचं. वरच्या कोरड्या भागात मिळतो तो फक्त सांगाडा, त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तो फार कामाचा आहे.

पिशवीत काय न्यायचं

फार नाही. रबरी हातमोजे, एक पांढरी पसरट डिश (माझी आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण आहे), प्लास्टिकचा चमचा, शाळेतलं साधं भिंग, आणि मापासाठी एक रुपयाचं नाणं. पायात बंद चपला किंवा सॅंडल, अनवाणी नको, कारण रेघेवर पोर्पिटासोबत खरे ब्लू बॉटल पण पडलेले असतात आणि त्यांचा दोरा वाळूत दिसत नाही.

हात लावायच्या आधी एकच प्रश्न

तरंगायला काय वापरलंय? बाकी रंगबिंग सगळं विसरा. रंग इथे काहीही सांगत नाही, पृष्ठभागावर राहणारे एकमेकांशी लांबचं नातं असलेले प्राणी पण निळेच असतात, त्यांना खाणारी गोगलगाय जॅंथिना तर जांभळी आणि ग्लॉकस नावाची चिमुकली समुद्री गोगलगाय निळी-रुपेरी. उघड्या समुद्रावर लपायला आडोसा नाही, निळ्यात निळं होणं हाच आडोसा. म्हणजे रंग हा राहण्याच्या जागेचा पुरावा आहे, नात्याचा नाही.

मऊ, फुगलेला, पारदर्शक निळसर-गुलाबी फुगा आणि त्याखाली लोंबणारा दोरा असेल तर तो ब्लू बॉटल, फायसेलिया. थांबा, हात नाही. फुग्याजवळ एखादा इंच दोरा दिसत असला तरी पुढे वाळूखाली तो बराच लांब गेलेला असू शकतो.

चपटी लंबगोल चकती आणि तिच्यावर तिरकं उभं पारदर्शक शीड असेल तर वेलेला, पोर्पिटाचं सख्खं भावंड.

चपटी गोल चकती, शीड नाही, फुगा नाही, कडेला निळी झालर, तर पोर्पिटा.

आणि तरंगायला काहीच नाही, नुसता जेलीचा घुमट किंवा बशी, तर ती बहुतेक खरी जेलीफिश, ती शिडी वेगळी, ती इथे घेत नाही.

डंख लागलाच तर तेवढं सांगून टाकतो. पोर्पिटाचा डंख बहुतेकांना जाणवतही नाही, फार तर खाज. फायसेलियाचा मात्र चाबूक मारल्यासारखा लागतो, वळ उठतो, आणि प्राणी मरून वाळूत पडला तरी त्याच्या दंशपेशी उडतातच, म्हणजे स्पर्श झाला की डंख बसतोच. मुंबईत २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला कितीतरी लोकांना लागलं होतं, बातम्या आठवत असतील. अशा वेळी समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरा चिमट्याने काढायचा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीसेक मिनिटं तो भाग ठेवायचा. वाळूने घासायचं नाही आणि लघवीचा तो प्रसिद्ध उपाय कृपया करू नका. व्हिनेगरबद्दल जाणकारांमध्येच दोन मतं आहेत म्हणून मी ते पिशवीत ठेवत नाही. श्वासाला त्रास, चक्कर, लहान मूल किंवा मोठ्या भागावर वळ असेल तर तडक डॉक्टर.

डिशमध्ये घ्या आणि बघा

आता मजा. डिशमध्ये दोन बोटं समुद्राचं पाणी घ्या, नळाचं नको, गोड्या पाण्यात दंशपेशी उडतात आणि प्राणी आक्रसतो. मोजे घालून चमच्याने नमुना अलगद उचलून पाण्यात सोडा आणि एक मिनिट काही करू नका. वाळूत चिकटून लोळागोळा झालेली झालर पाण्यात हळूहळू उघडते, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस इथे हमखास "अरे" म्हणतो.

चकतीचा व्यास साधारण एक ते तीन सेंटीमीटर, नाणं शेजारी ठेवलं की कळतंच. वरून बघितलं तर तिच्यावर एकात एक गोल कडी दिसतात, झाड कापल्यावर बुंध्यावर दिसतात तशी, आणि मधून कडेला जाणाऱ्या बारीक रेघा. ती कडी म्हणजे हवेच्या बंद खोल्या. चकती कायटिनची असते, झुरळाच्या पाठीत असतं तेच कायटिन, म्हणून ती बोटाला जरा टणक लागते, जेलीसारखी लिबलिबीत नाही. प्राणी जसा वाढतो तशी बाहेरून एकेक नवी खोली जोडली जाते.

आता चमच्याने उलटं करा. खालच्या बाजूला बरोब्बर मध्ये एक मोठं तोंड, म्हणजे एक मोठा पॉलिप (वसाहतीतला नळीसारखा एकेक जीव) ज्याचं काम फक्त खाणं. त्याच्याभोवती छोट्या पॉलिपांची गर्दी, त्यांचं मुख्य काम प्रजनन. आणि कडेला ती निळी झालर, जिला आपण शुंडके म्हणून मोकळे होतो, ते प्रत्येक खरं म्हणजे शिकार पकडणारा एक पॉलिप. म्हणजे तुम्ही डिशमध्ये एक प्राणी बघत नाही आहात, कामं वाटून घेतलेली चाळ बघताय, कुणी स्वयंपाकघर सांभाळतंय, कुणी दारावर, कुणी पुढच्या पिढीचं बघतंय, आणि पोट मात्र आतून सगळ्यांचं जोडलेलं.

भिंग घ्या आणि झालरीचा एकच धागा बघा. त्याच्यावर टाचणीच्या डोक्यासारख्या बारीक गाठी ओळीने दिसतील. मोबाईलच्या मॅक्रो मोडनेही दिसतात, हात स्थिर पाहिजे फक्त. या गाठींमध्ये दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. ही गाठ लक्षात ठेवा, वर्गीकरणात लगेच लागणार आहे.

शिडी चढूया, म्हणजे खरं तर उतरूया

शाळेतला क्रम आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. एक गंमत म्हणजे पेपरवाले जिला सर्रास "प्रजाती" म्हणतात तिला आपल्या पाठ्यपुस्तकात "जाती" म्हणतात आणि प्रजाती हा तिच्या वरचा गट, त्यामुळे मराठीत वाचताना लेखकाला नक्की काय म्हणायचंय हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. इथे मी पुस्तकाचा क्रम धरतोय.

नियम एकच, प्रत्येक पायरीवर "मी हे कशावरून म्हणतोय" याचं उत्तर तुमच्या डिशमध्ये किंवा निदान पक्क्या माहितीत असलं पाहिजे. उत्तर नसेल तर त्याच पायरीवर थांबायचं.

सृष्टी प्राणी. फुलासारखं दिसलं तरी शिकार खातो, पाण्यातले बारीक कवचधारी जीव वगैरे. झाला विषय.

संघ निडारिया, जुन्या पुस्तकात सीलेंटेराटा. पुरावा दंशपेशी. या संघात दहा हजारांहून जास्त जाती आहेत, हायड्रा, प्रवाळ, समुद्रफूल, जेलीफिश सगळे यातलेच, आणि दंशपेशी ही या घराण्याची वळणदार सही आहे. साध्या भिंगाने पेशी दिसत नाही पण गाठी दिसतात आणि भाचीच्या हाताला खाज आली तो पण पुरावाच म्हणायचा.

वर्ग हायड्रोझोआ. इथे लोक घसरतात, कारण सगळ्यांना वाटतं जेलीफिश. खरी जेलीफिश सायफोझोआ वर्गातली, तिच्यात मोठी घुमटासारखी अवस्था हा एकच स्वतंत्र प्राणी असतो. आपल्या डिशमध्ये पॉलिपांची वसाहत आहे, कामं वाटलेली. छत्रीसारखी अवस्था पोर्पिटात पण असते बरं का, प्रजननाचे पॉलिप अगदी टिचभर सुद्धा नाहीत अशा बारीक छत्र्या पाण्यात सोडतात, त्या थोडेच दिवस जगतात आणि त्यांच्यातून अंडी आणि शुक्रपेशी येतात. पण तुम्हाला किनाऱ्यावर दिसते ती वसाहत, ती छत्री नव्हे.

आता गण, आणि इथे थोडं रेंगाळणार आहे कारण खरी भांडणं इथेच झाली. पूर्वी पोर्पिटा आणि वेलेला यांना फायसेलियाबरोबर सायफोनोफोरा गणात टाकलेलं असायचं, बीएस्सीच्या कितीतरी जुन्या पुस्तकांत आणि त्यावरून काढलेल्या नोट्समध्ये अजून तसंच आहे. कारण उघड आहे, तिघंही तरंगतात, तिघंही निळे, तिघंही वसाहती. मग त्यांना वेगळं काढून कॉन्ड्रोफोरा असा गट केला. आणि नंतर रचना नीट बघितल्यावर लक्षात आलं की हे तर खडकाला चिकटून राहणाऱ्या हायड्रॉइडचे नातेवाईक आहेत, फक्त उलटे. म्हणजे असं समजा, एक हायड्रॉइड आहे, बूड खडकाला, तोंड आणि शुंडके वर. त्याला खडकावरून सोडवा, उलटा करा, बुडाला हवेची चकती लावा आणि समुद्रावर सोडून द्या. झालं पोर्पिटा. फायसेलियाचा फुगा मऊ स्नायूंचा आणि वायूने भरलेला, त्यात कार्बन मोनॉक्साइड पण असतो, त्याची घडणच निराळी. तरंगण्याची युक्ती दोघांनी आपापली शोधली.

म्हणून आज पोर्पिटाचा गण अँथोअॅथेकाटा, आणि उपगण कॅपिटाटा. कॅपिटाटा म्हणजे डोकं असलेले, आणि ते डोकं म्हणजे तुम्ही भिंगातून बघितलेली ती टाचणीची गाठ. पुस्तकातला एक अवघड शब्द वाळूवर बसून डोळ्यांनी बघायला मिळतो असं फार वेळा होत नाही. मला तरी इतकं भारी वाटलेलं की शेजारी पेरू विकणाऱ्या काकांना पण बोलावून दाखवलं, त्यांनी एक मिनिट भिंगातून बघितलं आणि म्हणाले, हे रोज येतं, आम्ही पायाने बाजूला सारतो.

कुल पोर्पिटिडी. यात पोर्पिटा आणि वेलेला या दोन प्रजाती. शीड आहे तर वेलेला, शीड नाही आणि चकती गोल आहे तर पोर्पिटा, प्रजातीची पायरी एका नजरेत संपते.

जाती पोर्पिटा पोर्पिटा. या प्रजातीत नोंदलेल्या जाती अगदी मोजक्या, आणि जगभरच्या उष्ण समुद्रांत किनाऱ्यावर सापडते ती हीच, आपल्याकडेही नोंद याच नावाने होते.

नाव कसं वाचायचं

पूर्ण नाव असं लिहितात: पोर्पिटा पोर्पिटा (लिनियस, १७५८). कंस बघून बऱ्याच जणांना वाटतं की ही नुसती टीप आहे, पण तो कंस एक गोष्ट सांगतो. लिनियस या स्वीडिश निसर्गतज्ज्ञाने १७५८ मध्ये हिचं नाव मेड्युसा पोर्पिटा ठेवलं होतं, तेव्हा असे बहुतेक लिबलिबीत प्राणी मेड्युसामध्ये कोंबले जायचे. पुढे १८०१ मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने पोर्पिटा ही प्रजाती केली आणि आपलं बटण तिकडे हललं. जाती हलली पण मूळ नाव देणाऱ्याचा मान राहिला, फक्त घर बदलल्याची खूण म्हणून त्याचं नाव कंसात गेलं. घर बदललं नसतं तर कंस नसता.

आणि तेच नाव दोनदा का, तर जातीचं जुनं नाव पोर्पिटा तसंच ठेवावं लागतं आणि नवीन प्रजातीचं नावही नेमकं पोर्पिटाच. प्राण्यांमध्ये हे चालतं, आपला नाग नाही का नाजा नाजा. वनस्पतींमध्ये मात्र चालत नाही, तिथला नियम वेगळा. पोर्पिटा हा शब्द ग्रीक, अर्थ कपडा अडकवायची पिन किंवा बकल, म्हणजे बटणाची आठवण इंग्रजांच्याही आधी झालेली.

जुन्या भारतीय लिखाणात पोर्पिटा पॅसिफिका असं नाव सापडेल. घाबरू नका, ते आता पोर्पिटा पोर्पिटाचंच दुसरं नाव मानतात. असं कुठलंही नाव आलं की वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या साईटवर टाकून बघायचं, नाव आज मान्य आहे की नुसतं जुनं पर्यायी नाव, हे तिथे लगेच दिसतं. एआयला विचारून मोकळे होऊ नका, जुन्या नोट्समधला सायफोनोफोरा तुम्हाला छान भाषेत परत मिळेल.

नोंद करा, नाहीतर सगळं वाळूत

पाच फोटो काढा: वरून नाण्यासकट, खालून, झालरीचा जवळून, बाजूने (शीड नाही हे दिसायला), आणि एक लांबून, भरतीची रेघ दिसेल असा. फ्लॅश नको, पाणी चमकतं. तारीख, जागा, भरती होऊन किती वेळ झाला, साधारण किती नमुने दिसले हे लगेच मोबाईलमध्ये टाइप करा, घरी जाऊन आठवत नाही हे अनुभवाने सांगतो. मग आयनॅचरलिस्टवर टाका, सापडलेल्या जीवांच्या नोंदी लोक जिथे टाकतात ती साईट. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी किनाऱ्यावर लोकांना फिरवून अशा नोंदी करतात, त्यांच्या वॉकला एकदा गेलात तर माझ्या या लेखापेक्षा जास्त शिकाल.

नाव टाकताना आगाऊपणा नको. चकती स्पष्ट असेल तर पोर्पिटा पोर्पिटा बिनधास्त लिहा. ब्लू बॉटल असेल तर मात्र मी फक्त फायसेलिया लिहून थांबतो, कारण इतकी वर्षं जगभर एकच जाती समजायचे, आणि २०२५ मध्ये जनुकीय अभ्यासातून चार जाती असल्याचं मांडलं गेलं, जुहूच्या वाळूत चुरगळलेल्या फुग्याच्या फोटोवरून कुठली ते सांगण्याइतका मी शहाणा नाही. अर्धवट पण बरोबर नोंद चालते, कुणीतरी जाणकार येऊन पुढे नेतो. पूर्ण पण चुकीची नोंद लोकांच्या डोक्यात बसते.

आणि तो कोरडा सांगाडा

झालर दोन-तीन तासांच्या उन्हात वाळून जाते, निळा रंग जातो, आणि उरते ती नुसती चकती, पांढरट, कागदासारखी, वजन जवळजवळ नाहीच. साडीवरची मोठी टिकली गळून पडलीय असं वाटतं, मी सुरुवातीला कित्येक चकत्या प्लास्टिक समजून ओलांडल्या असतील. फरक ओळखायचा तर उजेडासमोर धरा, प्लास्टिकला एकात एक कडी आणि मधून निघालेल्या रेघा नसतात. ही चकती हाताळायला बरी, झालर गेलेली असल्यामुळे डंखाची भीती जवळपास नाही, तरी डोळे चोळायच्या आधी हात धुवा. मुलांना शिकवायला याच्यापेक्षा चांगलं साहित्य नाही, कडी मोजता येतात, माप घेता येतं, वहीत चिकटवता येते.

ताजा नमुना मात्र घरी आणू नका. बादलीतल्या पाण्यात तो तासाभरात मलूल होतो, रात्रीपर्यंत वास मारतो आणि फॉर्मॅलिनच्या भानगडीत घरगुती माणसाने पडू नये. फोटो झाले की डिशसकट पाण्याच्या कडेला जायचं आणि लाट मागे जात असताना ओतून द्यायचं. बहुतेक वेळा पुढची लाट त्याला परत वाळूवर आणून टाकते, भाची दरवेळी हट्टाने परत उचलून टाकते, आता मोजे घालून.